पोटावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे. किती जुनं, ते आधीच सांगून टाकतो, कारण त्याच एका गोष्टीवरून माझं डोकं फिरलेलं आहे. माझा जन्म एकोणीसशे बहात्तर सालचा, भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या गल्लीतला. मी कंपनी सरकारच्या काळातलं नाही. मी कुठल्या लढाईत गेलो नाही, आणि माझ्यामुळे आजवर साधी चिमणीही मेलेली नाही. मी नक्कल आहे. मेहनतीनं केलेली, बघणाऱ्यानं दोनदा बघावं अशी नक्कल. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पण माणसांचा न्याय उलटा. खरं सांगितलं तर माझी किंमत मोडीची, आणि खोटं सांगितलं तर माझ्यासाठी नागपूरहून मोटार येते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा जो राग बसला तो अजून उतरलेला नाही. तुम्हाला सांगितलं तर थोडा उतरेल, म्हणून सांगायला बसलो आहे.

माझा बाप सोमाजी. गुंड, गंज, कोपर अशी घरोघरची भांडी घडवणारा माणूस. त्याच्या हातचा गुंड डोक्यावर घेतला की पाणी हिंदकळत नाही, असं बायका म्हणत. आपल्याकडे नव्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, ती तुम्हाला ठाऊकच असेल. लग्नात बापानं दिलं तर बापाचं नाव, मामानं दिलं तर मामाचं, पुढे गाव आणि साल. सोमाजी छिन्नीचा एकेक ठोका देत टिंबाटिंबांनी ही नावं अशी घालायचा की अक्षर पाहत राहावं. जन्मभर त्यानं हजारो नावं घातली आणि त्यात त्याचं स्वतःचं एकही नव्हतं. भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नसतं. याचं कोणाला काही वाटत नव्हतं, सोमाजीलाही नाही. मला मात्र वाटतं, आणि चांगलंच वाटतं.

मी जन्माला आलो तो टिकारामच्या फजितीमुळे. टिकाराम सिहोऱ्याचा. घरची धानाची शेती, आणि गावच्या नाटक मंडळात कायमचा नायक. आमच्या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सिहोऱ्याचं मंडळ तेव्हा एका बंडखोर शिपायाचं नाटक करत होतं. टिकारामच्या हातात डांबर फासलेलं लाकडी पिस्तूल होतं. ऐन मरणाच्या प्रवेशात त्याची नळी गळून खाली पडली, आणि सारी मंडई रडायच्या जागी हसली. ते हसू टिकारामला असं झोंबलं की पुढच्या वर्षी धानाची रोवणी आटपताच तो भंडाऱ्याला सोमाजीच्या दारात जाऊन बसला. मंडळानं वर्गणी काढली होती. म्हणाला, असं पिस्तूल करून दे की पुन्हा कोणी हसणार नाही.

तुमसरला केशवराव नावाच्या जुन्या मालगुजाराच्या भिंतीवर एक खरं फौजी पिस्तूल लटकत असे, त्यांच्या पणजोबांच्या वेळचं. सोमाजी दुकान बंद ठेवून तिकडे गेला. सुतळीनं मापं घेतली, मेणावर ठसे घेतले, घोडा कसा मागे ओढायचा, चाप कुठे अडतो, सगळं उलटसुलट करून पाहिलं. केशवराव आरामखुर्चीत बसून हसत होते. नाटकातल्या नकलेसाठी एवढी मेहनत कायले, असं त्यांनी विचारलं.

सोमाजी म्हणाला, "मालक, नक्कल असली म्हनून मेहनत नकली कशी करू?"

हे वाक्य माझ्या जन्माआधीचं, म्हणून ते मी तिथं ऐकलेलं नाही. सोमाजीनं ते नंतर घरी रुखमिणीला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं तेव्हा ऐकलं. त्या दिवसापासून मी ते विसरलेलो नाही.

मातीचा साचा केला, पितळ ओतलं, कानशीनं घासून घासून माझं अंग काढलं. नळी मुद्दाम भरीव ठेवली, फक्त तोंडाशी अंगठ्याएवढा खळगा. मूठ शिसमाची. घोड्याखाली अशी सोय की दिवाळीतली टिकली ठेवून चाप ओढला की फाट् असा आवाज यावा आणि थोडा धूर निघावा. काम झाल्यावर गल्लीतला हवालदार चहाला आला होता, तो मला पाहून चमकला. म्हणाला, सोमाजी, हे कोणाच्या हाती लागलं तर उगाच घोटाळा होईल, यावर तुझं नाव-गाव घालून ठेव. म्हणून मग सोमाजीनं छिन्नी उचलली आणि माझ्या पोटावर, नळीच्या खालच्या अंगाला, टिंबाटिंबांनी लिहिलं: नाटकासाठी केले. सोमाजी, भंडारा. १९७२.

जन्मात पहिल्यांदा त्यानं आपलं नाव घातलं, आणि तेही हवालदाराच्या सांगण्यावरून. रुखमिणी चौथी शिकलेली होती. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी तिची रीत. 'त्यायनं', 'त्यायले' म्हणून ती सगळं भागवायची. त्या दिवशी तिनं मला मांडीवर घेतलं आणि ते नाव मनातल्या मनात कितीतरी वेळ वाचलं. मग पदरानं पुसून मला टिकारामच्या हवाली केलं.

पुढची वर्षं माझ्या सुखाची. मंडईत टिकारामनं मला पहिल्यांदा उगारलं तेव्हा पुढं बसलेली पोरं आयांच्या मागे दडली. शिपाई मरताना माझी मूठ छातीशी धरून जे बोलायचा, त्याला बायाबापड्या पदर डोळ्यांना लावायच्या. टिकारामची बायको कलाबाई दरसाल तोच प्रवेश पाहायची आणि दरसाल रडायची. आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं की पिस्तूल खोटं, शिपाई खोटा, मरण खोटं. नाटक संपल्यावर मेलेला टिकाराम तिथंच बसून चिवडा खायचा. कोणी फसलं नव्हतं, आणि तरी सगळे रडले होते. नक्कल असण्याचा मान काय असतो, तो मी तिथं पाहिला.

दसऱ्याला कलाबाई घरातली सारी हत्यारं काढायची. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या पंगतीत मी. मी कधी धानाची एक काडी कापली नाही, पण ती मला लोखंडाच्या बरोबरीनं पाटावर बसवायची. माझ्या पितळेला आधी गरम पाण्यात बुडवून चिंच आणि राख लावून घासायची. तिच्या घरी पितळ काळं राहिलेलं तिला खपत नसे. ही घासण्याची सवय ध्यानात ठेवा. माझी अब्रू पुढे तिनंच वाचवली.

मग दिवस पालटले. मंडईत बाहेरच्या कंपन्यांची नाटकं येऊ लागली, त्यांची पिस्तुलं पत्र्याची आणि आवाज तोफेचा. गावचं मंडळ विस्कटलं. पडदे एका कोठ्यात ठेवले होते, ते वाळवीनं खाल्ले. मी पेटीत गेलो आणि वर्षातून एकदा दसऱ्याला उजेड पाहू लागलो. त्याचं मला फार दुःख नव्हतं. म्हाताऱ्या नटानं घरी बसावं, यात वाईट काय.

दुःख दुसरंच होतं. घरोघर स्टील आलं. बायांनी पितळेचे गुंड मोडीत घातले आणि हलके, न घासता चकाकणारे स्टीलचे घडे घेतले. सोमाजीच्या हातची भांडी पोत्यांत भरून पुन्हा भट्टीत गेली आणि वितळली. एक दिवस सोमाजीही गेला. त्याची भट्टी विझली. रुखमिणीनं मग आठवडी बाजारांतून स्टीलची भांडी मांडायला सुरुवात केली. जुनं पितळ तोलून घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात नवं स्टील द्यायचं. ज्या स्टीलनं घर बुडवलं तेच विकून तिनं घर चालवलं. तराजूत आलेला गुंड नवऱ्याच्या हातचा आहे हे ती ठोक्यावरून ओळखायची, पण त्यावर नाव असायचं भलत्याच कोणाच्या मामाचं. ती तो पोत्यात टाकायची. दुसरं काय करणार होती?

आता माझ्या रागाच्या मुळाशी येतो. शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात टिकारामच्या डोक्यात आलं की गावचं मंडळ पुन्हा उभं करायचं. त्यासाठी पडदे हवे, पेटी हवी, तबला हवा. विचार चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण चांगल्या विचाराला वाईट सल्लागार लवकर भेटतो. तुमसरचा गोपीचंद जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा. समया, अडकित्ते, जुन्या दारांच्या कड्या, काय मिळेल ते घ्यायचा आणि शहरात नेऊन विकायचा. टिकारामनं त्याला घरी आणलं आणि मला त्याच्या हातात दिलं.

गोपीचंदनं मला तोलून पाहिलं, मूठ दाबून पाहिली, घोडा ओढून सोडला. त्याचे डोळे चमकले हे मी पाहिलं. मग त्यानं मला उलटं केलं, पोट वाचलं, आणि चेहरा आंबट करून खाली ठेवलं. म्हणाला, नक्कल हाये, पितळेचा भाव येईल, लाकडाचं काही येणार नाही. टिकाराम खाली मान घालून बसला. गोपीचंद बिडी ओढत राहिला आणि थोड्या वेळानं मला पुन्हा हातात घेऊन पोटावर अंगठा ठेवला, नाव झाकलं जाईल असा.

"एवढं नाव नसतं ना टिकारामजी," तो म्हणाला, "तर तुमच्या मंडळाचे पडदे, पेटी, तबला, सारं एका फटक्यात आलं असतं."

मित्रांनो, त्या अंगठ्याखाली माझ्या बापाचं नाव होतं. ते झाकलं तर मी दोनशे वर्षांचा वीर, आणि उघडं ठेवलं तर रद्दी. त्या माणसानं माझी पारख केली असं म्हणतात. याला पारख म्हणायचं असेल तर डोळे मिटून चालण्याला वाट दाखवणं म्हणावं लागेल.

टिकारामनं दोन दिवस 'नाही' म्हटलं, तिसऱ्या दिवशी 'बघू' म्हटलं. तिथून पुढं गोपीचंदला फार श्रम पडले नाहीत. कलाबाई शेतात गेली की तो यायचा. जंगलातल्या झाडांची लाख त्यानं दिव्यावर वितळवली आणि थेंब थेंब करून माझ्या पोटावरच्या एकेका टिंबात भरली. वरून काजळी चोळली. मग मला मिठाच्या पाण्यात भिजवून शेणखताच्या खड्ड्यात पुरलं. तिथं मी आठवडाभर होतो. नाटकात शंभरदा मेलेल्या टिकारामला एकदाही कोणी असं पुरलं नव्हतं. बाहेर काढलं तेव्हा मी हिरवट काळा, खरखरीत, आणि कुठल्याही शहरी माणसाला प्राचीन वाटेल असा झालो होतो.

याहून वाईट म्हणजे टिकारामला शिकवलेली गोष्ट. त्याचा आजा आंबागडच्या जंगलात लाकडं तोडायला गेला, किल्ल्याच्या पडक्या भिंतीखाली दगड सरकला, आणि दगडाखाली मी सापडलो. गोपीचंदनं एवढंच सांगितलं होतं. पण टिकाराम पडला नट. त्यानं ती गोष्ट भूमिकेसारखी घोटली आणि त्यात स्वतःची भर घातली. आजा मरताना मला उशाशी घेऊन होता, असं एक वाक्य त्यानं घातलं, आणि ते म्हणताना आवाज कापवायचा. गोठ्यात एकटा फेऱ्या मारत तो ते म्हणत असे. माझ्यासोबत ज्या आवाजानं त्यानं मंडई रडवली तोच हा आवाज होता. मला हात असते तर मी त्याच्या तोंडावर ठेवला असता.

याच दिवसांत रुखमिणी सिहोऱ्याच्या बाजाराला आली आणि वाट वाकडी करून टिकारामच्या घरी आली. कलाबाईनं तिला पाणी दिलं. मी गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं. तिनं विचारलं, तुमच्याजवळ ते नाटकातलं पिस्तूल होतं, ते आहे का अजून. टिकाराम म्हणाला, हरवलं, मागच्या मंडईत दाखवायला नेलं होतं, तिथंच हरवलं.

रुखमिणीनं पाण्याचा लोटा खाली ठेवला. मग म्हणाली, "सापडलं तर सांगजा, बाबू. त्याच्यावर त्यायचं नाव हाये. बाकी सारं वितळलं."

ती गेली. टिकाराम ओसरीवर बसून राहिला. त्या वेळी त्यानं उठून मला खाली काढलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि माझा रागही संपला असता. तो उठला नाही.

गोपीचंदनं सौद्याला दसऱ्याचा दिवस धरला. नागपूरचे एक साहेब मोटारीनं येणार होते. दसऱ्याला घेतलेली वस्तू लाभते, असंही गोपीचंदनं त्यांना सांगून ठेवलं होतं. सकाळीच टिकाराम त्यांना आणायला फाट्यावर गेला. पण या दोघा शहाण्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. दसऱ्याच्या सकाळी त्या घरात काय चालतं, ते.

कलाबाई विळे काढायला गोठ्याच्या माळ्यावर चढली. पोतं सरकवलं तर आत मी. हरवलेलं पिस्तूल सापडलं म्हणून तिला जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. तिनं मला छातीशी धरलं आणि 'आता रुखमिणीबाईले सांगता येईल' असं स्वतःशीच म्हणाली. मग माझं रूप पाहून हळहळली. उंदरांनी आणि ओलीनं ही दशा केली असं तिला वाटलं. तिनं चुलीवर पाणी उकळलं, मला त्यात बुडवलं आणि चिंच आणि राख घेऊन बसली. गरम पाण्यानं लाख मऊ झाली. चिंचेच्या चोथ्याबरोबर एकेक टिंब मोकळं होत गेलं. गोपीचंदची आठवडाभराची कारागिरी मोरीतून वाहून गेली, आणि मी नव्या लोट्यासारखा लखलखीत होऊन, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, विळ्यांच्या शेजारी पाटावर बसलो. इतका राग अंगात असूनही मला तेव्हा हसू येत होतं.

दुपारी मोटार आली. साहेब ओसरीवर खाटेवर बसले, गोपीचंद त्यांच्या शेजारी. आणि टिकारामनं आपला प्रवेश सुरू केला. आंबागडचं जंगल, पडकी भिंत, सरकलेला दगड. आज्याच्या उशाशी आला तेव्हा त्याचा आवाज कापला, डोळ्यांत पाणीही आलं. आतल्या खोलीत कलाबाई हातातलं काम सोडून ऐकत होती. तिला काही उमज पडेना. कोणतं पिस्तूल, कोणता आजा? मग तिला वाटलं, घरात आणखी एखादी जुनी वस्तू असेल, आपल्याला कधी सांगितली नसेल. तिचेही डोळे भरले. इतकं ते छान झालं होतं.

साहेबांनी वस्तू मागितली. टिकाराम गोठ्याकडे जायला उठला, तेवढ्यात कलाबाई ताटात हळदकुंकू आणि मला घेऊन हसत बाहेर आली. हरवलेलं पिस्तूल सापडलं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि ताट पुढे केलं.

गोपीचंदचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. साहेबांनी चष्मा चढवला, मला उचललं, उलटं केलं आणि शांतपणे मोठ्यानं वाचलं: नाटकासाठी केले. सोमाजी, भंडारा. एकोणीसशे बहात्तर.

मला वाटलं, आता साहेब संतापतील. फसवणूक उघडी पडली, माझ्या बापाचा विजय झाला. पण साहेब चोरावर मोर निघाले. ते हसले, मला पुन्हा नीट पाहिलं आणि म्हणाले, "काम झकास आहे. हे नाव घासून टाका आणि पुन्हा काळं करून द्या. पुढे काय सांगायचं ते मी बघतो. ठरलंय त्यापेक्षा थोडं कमी देईन."

गोपीचंदच्या जिवात जीव आला. त्यानं पिशवीतून कानस काढली आणि टिकारामच्या हातात दिली. म्हणजे कानस तो बरोबर घेऊनच आला होता. टिकारामनं मला मांडीवर आडवं धरलं, पोट वर करून. ज्या रुखमिणीनं असंच मांडीवर धरून ते नाव वाचलं होतं, ती मला आठवली. आणि कानशीचा पहिला फटका माझ्या बापाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बसला. मग दुसरा. पितळेचा भुगा टिकारामच्या धोतरावर पडला.

कलाबाईला आता सगळं कळलं होतं. ती ओरडली नाही. ताट खाली ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"नाटकात तुमी मरत होते, तवा मी दरसाली रडली," ती म्हणाली. "मले ठाऊक राहे का हे पिस्तूल खोटं हाये, तुमचं मरनं खोटं हाये. तरी रडली. आज तुमच्या आज्याची गोष्ट मी आतून आयकली, ते मले खरी वाटली. हे नाटक नोहे. आन त्या बाईले तिच्या मानसाचं नाव पायजे, ते तुमी कानशीनं घासून राहिले?"

टिकारामचा हात थांबला. मंडईतल्या लोकांचं हसू त्याला एकदा झोंबलं होतं. हे त्याहून खोल गेलं असावं. त्यानं कानस गोपीचंदच्या पायाशी ठेवली आणि साहेबांना विचारलं, नक्कल म्हणून घेता का, नावासगट? साहेब उठले. नावासकट कोण घेईल, असं म्हणून मोटारीत जाऊन बसले. मेहनत त्यांना आवडली होती. मेहनत करणारा तेवढा नको होता. गोपीचंद त्यांच्या मागे धावत गेला आणि फाटकाशी टिकारामला मूर्ख म्हणून गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी टिकाराम आणि कलाबाई मला फडक्यात बांधून रुखमिणीच्या दुकानावर घेऊन गेले. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं, त्यावर स्टीलचे डबे आणि गंज, आणि शेजारी मोडीच्या पितळेचा ढीग. टिकारामनं मला तिच्यापुढे ठेवलं. मी खोटं बोललो होतो, बाई, एवढंच तो म्हणाला. ओरखडा कसा पडला तेही त्यानं लपवलं नाही. रुखमिणीनं फडकं सोडलं. मला उलटं करून तिनं नाव वाचलं. ओरखड्याखालून अक्षर अजून ओळखू येत होतं.

मग तिनं मला उचलून तराजूत टाकलं.

कलाबाई म्हणाली, असंच घ्या, आम्हाला काही नको. रुखमिणीनं ऐकलं नाही. फुकट घेणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. तिनं वजन पाहिलं, आणि मित्रांनो, शिसमाच्या मुठीचं वजन कापून घेतलं. माझ्या बापाच्या बायकोनं माझ्या लाकडाचे पैसे कापले. क्षणभर मला तिचाही राग आला. पण सगळ्या जन्मात एवढा सरळ भाव मला कोणी केला नव्हता. पितळ तेवढं पितळ, लाकूड ते लाकूड. तिनं बदल्यात एक स्टीलचा गंज कलाबाईच्या हातात दिला. आणि मला मोडीच्या ढिगावर न टाकता पदरात घेतलं.

टिकाराम अजून उभाच होता. त्याला ते फारच थोडं वाटलं असावं, किंवा आपलं ओझं उतरल्यासारखं वाटलं नसावं. अडखळत म्हणाला, "बाई, नावाचं काई लावलं नाई तुमी."

रुखमिणीनं तराजू पुसून खाली ठेवला. म्हणाली, "नाव आमचंच हाये. ते कायले इकत घेऊ?"

आता मी भंडाऱ्यात तिच्या घरी असतो, विझलेल्या भट्टीवरच्या कोनाड्यात. त्याच वर्षी मंडईसाठी टिकाराम मला मागायला आला होता. तिनं दिलं नाही, आणि बरं केलं. साड्यांचे पडदे आणि हातात पत्र्याचं पिस्तूल घेऊन त्यानं नाटक केलं म्हणे. चांगलं झालं असं ऐकतो. दसऱ्याला रुखमिणी मला घासते, पण ओरखड्यावरून हात जपून फिरवते. तो ओरखडा जाणार नाही, आणि माझा रागही पुरता जाणार नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू असेल, खरी असो की नक्कल, तिची किंमत कोणी वाढवून सांगू लागला तर आधी विचारा, त्यासाठी काय झाकायचं आहे. तिला घासा, पुसा, वापरा, मोडीत घालायची तर घाला, माझी तक्रार नाही. पण हातात कानस येईल तेव्हा तिला उलटी करून पोटावर काय लिहिलं आहे ते वाचा. त्या नावाची कोणीतरी वाट पाहत असतं.